आमची वाटचाल : खारा वारा, कागद आणि पाटीवरचे नाव

आमचा मूळ धंदा फ्रेमिंगचा. वांद्र्यात, चिंबईच्या किनाऱ्याला लागून. गॅलरी नंतर झाली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या बाहेर काढले आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही क्वीअर, म्हणजे समलिंगी, पारलिंगी वगैरे, चित्रकारांचे पहिले एकत्र प्रदर्शन लावले. टाळेबंदी सोडली तर ते चालूच आहे.

प्राइडचा, म्हणजे क्वीअर अभिमानाचा, महिना जून, मग प्रदर्शन एप्रिल-मेमध्ये का, असे विचारले जाते. मुंबईत जून म्हणजे पाऊस, आणि समुद्राकाठी पावसात कागदावरचे काम भिंतीवर ठेवायचे नसते. मान्सूनची तारीख ११ जून धरतात, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच शहरात आला. म्हणून आता एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात आणि २० मे रोजी शेवट. शिवाय काळा घोडा या दक्षिण मुंबईतल्या गॅलऱ्यांच्या भागाचा मोठा हंगाम मार्चपर्यंत उरकलेला असतो, त्यामुळे चित्रकार आणि हमाल दोघेही मोकळे सापडतात.

इथला खरा शत्रू पाणी नाही, मीठ. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. उन्हाळ्यात पहाटे ती त्याच्या वर असतेच. म्हणजे भिंतीवर, फ्रेमच्या पाठीवर, स्क्रूच्या खाचेत साचलेले मीठ रोज पहाटे ओले होते आणि दुपारी सुकते. फ्रेम टांगायची साधी तार एका मोसमात गंजते आणि तिचा तांबूस डाग माउंटवर, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यावर, उतरतो. ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्टीलही इथे तपकिरी पडते. डी-रिंग (फ्रेमच्या पाठीला लावायच्या कड्या) आणि स्क्रू ३१६ ग्रेडचेच घ्या, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत टिकतात. तार आम्ही बंदच केली. दोन डी-रिंग, भिंतीत दोन स्क्रू. पंख्याच्या वाऱ्याने फ्रेम तिरकी होत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बंपर लावले की फ्रेम आणि भिंत यांच्यात हवा खेळती राहते.

कागदावरच्या कामाचे पॅकेट सीलबंद करतो : काच, आम्लमुक्त माउंट, काम, पाठीला सनपॅक (पोकळ प्लास्टिकची शीट), आणि चारही कडांना ॲल्युमिनियमची टेप. पाठीला सनबोर्ड (फोमची शीट) लावू नका. ते पीव्हीसी असते आणि जुने होताना आम्ल सोडते. सनपॅक पॉलिप्रॉपिलीनचे, त्याला हा रोग नाही. पण सील करण्यातच सगळ्यात मोठी चूक होते. बाहेरून आलेला कागद लगेच बंद केला तर त्यातला ओलावा आतच कोंडतो आणि महिन्याभरात तपकिरी ठिपके उठतात. म्हणून काम, माउंट आणि सनपॅक आधी ४८ तास ५० ते ५५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत उघडे ठेवायचे, मगच टेप. फोटोचा प्रिंट काचेला कधीच टेकता कामा नये, एकदा चिकटला की सुटत नाही. मध्ये किमान ३ मिलिमीटरचा स्पेसर हवा. काम माउंटला चिकटवायला सेलो टेप नाही. वर दोन जपानी कागदाचे बिजागर, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने.

रात्री एसी बंद करून वीज वाचवायचा मोह होतो. तो टाळा. हवेतला ओलावा काढणारा डीह्युमिडिफायरही २४ तास चालू ठेवा. आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा त्याची चढउतार जास्त नुकसान करते.

प्रकाश कागदाला ५० लक्स, ॲक्रिलिक आणि तैलरंगाला २०० पर्यंत. पश्चिमेच्या खिडकीला यूव्ही फिल्म, आणि दुपारी तीननंतर पडदा. समुद्र दिसावा म्हणून लोक आग्रह करतात, पण तो बाहेर गेल्यावर दिसतोच.

या प्रदर्शनात कापड पुष्कळ येते. जुन्या साड्यांच्या गोधड्या, त्यांवर भरतकाम, कधी आईच्या लुगड्यावर लिहिलेली पत्रे. त्याला खिळा किंवा स्टेपल लावायचा नाही. वेल्क्रोची मऊ बाजू सुती पट्टीवर मशीनने शिवायची, ती पट्टी गोधडीच्या पाठीला हाताने टाचायची, आणि खरखरीत बाजू लाकडी पट्टीवर. वजन पूर्ण रुंदीवर वाटले जाते.

चित्राशेजारी चित्रकाराची माहिती देणाऱ्या पाटीचे काम फ्रेमइतकेच नाजूक. इंग्रजीत अडचण सर्वनामाची असते. मराठीत क्रियापदच लिंग सांगून टाकते. ‘जे.जे.त (मुंबईच्या कला महाविद्यालयात) शिकले’ की ‘शिकल्या’? वाट मराठीतच आहे. ‘यांनी रंगवले’, ‘यांनी शिवली’ असे लिहिले की क्रियापद चित्राच्या किंवा गोधडीच्या मागे जाते, माणसाच्या नाही. ‘त्यांचे शिक्षण जे.जे.त झाले’, ‘मुंबईत राहतात’, ‘मातीत काम करतात’ यांतही लिंग दिसत नाही. पाय अडकतो तो ‘नावाजलेले’, ‘होत्या’, ‘चित्रकर्ती’ अशा शब्दांत. मात्र तटस्थ मजकूर सगळ्यांना सरसकट लावणे ही मोठी चूक. पारलिंगी स्त्रीला ‘शिकल्या’ हवे असेल तर तेच लिहायचे, ते तिचे हक्काचे क्रियापद आहे. म्हणून प्रत्येक पाटी छापण्याआधी चित्रकाराला वाचून दाखवतो.

नग्नचित्रांबद्दल भीती असते. ती नवी नाही. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसींच्या ‘लव्हर्स’ या चित्रावर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते सुटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चित्रकार एफ. एन. सूझा आणि पदमसी यांची चित्रे अश्लील ठरवणारा कस्टम्सचा आदेश रद्द केला. नग्न म्हणजे अश्लील नव्हे, हे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. तरी आम्ही अशी चित्रे रस्त्यावरून दिसणार नाहीत अशा आतल्या भिंतीवर लावतो, दारात वयाची सूचना ठेवतो आणि चित्रकाराचे निवेदन छापून हाताशी ठेवतो. याच शहरात १९३४ मध्ये जन्मलेल्या समलिंगी चित्रकार भूपेन खक्करांनी १९८१ मध्ये ‘यू कान्ट प्लीज ऑल’ रंगवून आपले जगणे उघड मांडले. त्यांच्यानंतरच्या पिढीने चित्र झाकून लावावे, हे आम्हाला मान्य नाही.

फोटोत दिसणाऱ्या माणसाची संमती तीन वेगळ्या रकान्यांत घ्या : भिंत, कॅटलॉग, इंटरनेट. भिंतीला हो म्हणणारे अनेक जण इंटरनेटला नाही म्हणतात. प्रेक्षकांतही ज्यांना फोटोत यायचे नसते त्यांच्या खांद्याला पिवळी टिकली लावतो. लाल टिकली विकलेल्या चित्राची, ती गोंधळ करते.

नावांची वही दुहेरी. पाटीवर चित्रकाराने निवडलेले नाव, बिलावर पॅनवरचे. पॅनवरचे नाव फक्त हिशेबाच्या फाइलमध्ये राहते आणि उद्घाटनाच्या दिवशी ती फाइल गॅलरीत नसते. फोन दिलेल्या नंबरवर, दिलेल्या वेळेतच.

परतीचे पॅकिंग शेवटी, आणि तेच घाईत होते. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला, नाहीतर त्यांचे गोल ठसे रंगावर उमटतात. कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे रक्षक. काही चित्रकारांच्या घरी काही माहीत नसते. म्हणून खोक्यावर प्रदर्शनाचे नाव, स्टिकर, पत्रक काही लावत नाही. टेम्पोवाल्यालाही ‘फ्रेम आहेत’ एवढेच सांगतो. वर घराच्या दारावर असेल ते नाव, आणि खाली मोठ्या अक्षरांत : काच आहे, उभे ठेवा.