मोटारींच्या देशातील दबावगट

जर्मनीतील स्टुटगार्ट हे मर्सिडीज आणि पोर्शे यांचे गाव आहे. पुणे-चाकणकडून नोकरीसाठी येथे आलेल्या बऱ्याच मराठी अभियंत्यांचा चरितार्थ या ना त्या वाटेने मोटारीवरच चालतो, आणि माझे घरही त्याला अपवाद नाही. दबावगटांविषयी लिहायचे, तर आपला हितसंबंध कुठे गुंतलेला आहे हे आधी सांगून टाकलेले बरे.

येथील सर्वांत मोठा दबावगट हा दबावगट म्हणून कोणाच्या डोळ्यांसमोर येतच नाही. एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेचे दोन कोटींहून अधिक सभासद आहेत. देशाची लोकसंख्या साधारण साडेआठ कोटी. कडाक्याच्या थंडीत सकाळी बॅटरी उतरते, फोन केला की पिवळी गाडी येते, पिवळ्या जाकिटातला मेकॅनिक सभासद क्रमांक टिपून घेतो, वायरी जोडतो आणि काही मिनिटांत इंजिन सुरू होते. लोक वर्गणी भरतात ती या सोयीसाठी. मात्र हीच सभासदसंख्या मंत्र्यांसमोर राजकीय बळ म्हणून उभी राहते. तेलसंकटामुळे नोव्हेंबर 1973 मध्ये सरकारने महामार्गांवर ताशी 100 किलोमीटरची मर्यादा घातली, तेव्हा ‘मुक्त नागरिकांना मुक्त रस्ता’ ही घोषणा देत एडीएसीने मोहीम उभारली. ती मर्यादा मार्च 1974 मध्ये उठली, आणि त्यानंतर आजतागायत ताशी 130 हा वेग केवळ शिफारस म्हणून राहिला आहे. जानेवारी 2020 मध्ये संघटनेने वेगमर्यादेला असलेला आपला सरसकट विरोध मागे घेतला, कारण सभासदांमध्येच या प्रश्नावर उभी फूट असल्याचे पाहणीत दिसले होते. मग आधीची इतकी वर्षे ही संघटना नेमकी कोणाच्या वतीने बोलत होती, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

याच्या अगदी उलट टोकाला डॉइचे उमवेल्टहिल्फे ही पर्यावरण संघटना आहे. मतदानाचा अधिकार असलेले तिचे सभासद काही शेकड्यांतच मोजावे लागतात, पण पर्यावरणाचे कायदे मोडले गेल्यास संघटनांना न्यायालयात जाण्याचा हक्क जर्मन कायदा देतो, आणि तो हक्क ती पुरेपूर वापरते. स्टुटगार्टमधल्या नेकारटोर या रस्त्यावरील हवा देशातील सर्वांत वाईट हवांपैकी गणली जात असे. डिझेलच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइड या घातक वायूची वार्षिक सरासरी घनमीटरला 40 मायक्रोग्रॅमच्या आत असावी हे युरोपीय बंधन 2010 पासून लागू होते. ते पाळले मात्र जात नव्हते. संघटना न्यायालयात गेली, आणि लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2018 रोजी शहरांना जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घालता येते असा निकाल दिला. 1 जानेवारी 2019 पासून युरो-4 या युरोपीय उत्सर्जन निकषाच्या आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्या स्टुटगार्टमध्ये बंद होऊ लागल्या.

लोक भडकले. त्याच जानेवारीत नेकारटोरवर पिवळी जाकिटे घालून निदर्शने झाली. ‘यांना निवडून दिले कोणी?’ हा निदर्शकांचा सवाल मला वरवरचा वाटतो, कारण संघटनेने नवा कायदा मागितलाच नव्हता. निवडून आलेल्या सरकारांनी मान्य केलेला कायदा पाळा, एवढेच तिचे म्हणणे होते. त्यांच्या रागाला दुसरे एक कारण होते, आणि ते मात्र खरे होते. उत्सर्जनाच्या चाचण्यांत फोक्सवागनने केलेली फसवणूक 2015 मध्ये उघडकीस आली होती, तरी बंदीचा भुर्दंड पडला तो जुनी डिझेल गाडी घेऊन कामावर जाणाऱ्या माणसावर. संघटनेने टोयोटाकडून वर्षानुवर्षे देणग्या घेतल्याची बाबही विरोधकांनी लावून धरली. डिसेंबर 2018 मध्ये तेव्हाच्या सत्ताधारी सीडीयू पक्षाच्या अधिवेशनात तर संघटनेचा सार्वजनिक हिताचा, म्हणजे देणगीदारांना करसवलत मिळवून देणारा, दर्जा तपासून पाहावा असा ठरावच झाला.

मला अधिक धास्ती वाटते ती ज्यांना निदर्शने करावीच लागत नाहीत त्यांची. मोटार उद्योगाच्या महासंघाचे 2007 ते 2018 या काळातील अध्यक्ष माथियास विसमान पूर्वी देशाचे वाहतूकमंत्री होते, आणि 2020 मध्ये अध्यक्ष झालेल्या हिल्डेगार्ड म्युलर यांनी चान्सलर मेर्केल यांच्या कार्यालयात राज्यमंत्री म्हणून काम केलेले होते. ऑक्टोबर 2013 मध्ये जर्मनीच्या आग्रहामुळे मोटारींच्या कार्बन उत्सर्जनावरील युरोपीय तडजोड पुढे ढकलली गेली, आणि बीएमडब्ल्यूच्या भागधारक क्वांट कुटुंबाने सीडीयूला 6 लाख 90 हजार युरोंची देणगी दिल्याचे त्याच आठवड्यात जाहीर झाले. दोन्ही बाजूंनी या दोन गोष्टींचा परस्परसंबंध नाकारला. तो होता असे मीही म्हणत नाही. सामान्य मतदाराला हे पडताळून पाहण्याची सोयच नव्हती, ही खरी अडचण.

करांच्या बाबतीतही तराजू सरळ नाही. जागतिकीकरणावर टीका करणाऱ्या आटाक या संघटनेने दैनंदिन राजकारणावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न केल्याचे कारण देऊन संघीय वित्त न्यायालयाने 2019 मध्ये तिच्या सार्वजनिक हिताच्या दर्जाविरुद्ध निकाल दिला, त्यामुळे तिच्या देणगीदारांची 2014 मध्ये गेलेली करसवलत परत मिळाली नाही. कंपन्या आपल्या व्यावसायिक महासंघांना जी वर्गणी देतात ती मात्र धंद्याचा खर्च म्हणून वजा होते, आणि ते महासंघ राजकारणावर प्रभाव टाकण्यासाठीच तर असतात!

1 जानेवारी 2022 पासून संसदेची लॉबी नोंदवही लागू झाली. तिथे कोणीही घरबसल्या एखाद्या महासंघाचे नाव टाकून त्याचा लॉबिंगवरील खर्च, माणसे आणि विषय पाहू शकतो. मार्च 2024 पासून नियम आणखी कडक झाले असून, कोणत्या विधेयकाबाबत काम चालू आहे हे सांगणे आणि महत्त्वाची निवेदने जोडणे बंधनकारक झाले आहे. आज मोटार महासंघाचे निवेदन आणि पर्यावरण संघटनेचे निवेदन शेजारी शेजारी ठेवून वाचता येते. कोण कोणत्या अधिकाऱ्याला कोणत्या दिवशी भेटला, हे मात्र त्या नोंदवहीत लिहावे लागत नाही.