आमची वाटचाल : साठवण्यापासून पुसण्यापर्यंत

इतर कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे मासिक पगार काढून देणे हा आमचा व्यवसाय असून आम्ही अकरा जण तो सांभाळतो. ज्यांची नावे, बँक खाती, कपाती आणि आजारपणाच्या रजासुद्धा आमच्याकडे नोंदलेल्या असतात, ती माणसे आम्हाला कधीच भेटत नाहीत. सुरुवातीच्या काळात आम्ही काहीही पुसत नव्हतो. ‘असू द्या, कधी लागेल सांगता येत नाही’ हेच आमचे धोरण होते, आणि खरे सांगायचे तर त्याचा थोडा अभिमानही होता.

२५ मे २०१८ रोजी युरोपीय संघाचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला, तेव्हा तिकडच्या एका ग्राहकाने नवा करार पाठवला. माहितीची गळती झाल्यास त्याला ती कळल्यापासून ७२ तासांच्या आत नियामकाला कळवणे भाग होते, म्हणून त्याने आम्हाला २४ तासच दिले होते. आम्ही सही करून करार फाइलला लावला.

तीन वर्षांनी तो फाइलमधून काढावा लागला. ईमेलचा पत्ता टाइप करताना आपोआप सुचवलेले नाव आमच्या सहकाऱ्याने निवडले आणि त्या ग्राहकाचे पगारपत्रक दुसऱ्याच कंपनीच्या लेखापालाकडे गेले. घाबरून त्याने ते दुसऱ्या दिवशी सांगितले. कोणाकोणाची माहिती गेली याची यादी करायला बसलो, तर त्या एक्सेल फाइलमध्ये ‘हाइड’ करून ठेवलेली एक जुनी शीट निघाली आणि तिच्यात कधीच नोकरी सोडून गेलेली माणसे होती. चूक ईमेलची होती. पण ती माणसे त्या फाइलमध्ये असण्याचे काहीच कारण नव्हते, हा दोष माझा होता.

त्यानंतर भारतातही नियम आले. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग, म्हणजे प्रणालीतल्या घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही जबाबदारी माहिती कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या कंपनीवर आहे, तिच्या वतीने काम करणाऱ्यावर नाही, म्हणून ‘आपण सुटलो’ असे आमच्यातल्या काहींना वाटले. प्रत्यक्षात ग्राहक तोच बोजा करारातून आमच्याकडे सरकवतात, आणि त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केले असते.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो बॅकअपने. चालू यादीतून नाव पुसणे सोपे असते. पण गेल्या वर्षीच्या बॅकअपमधून एकच माणूस वेगळा काढता येत नाही. शेवटी प्रत्येक बॅकअप कधी पुसायचा याची आम्ही मुदत ठरवून दिली आणि पुसलेल्यांच्या फक्त क्रमांकांची यादी वेगळी ठेवली, म्हणजे बॅकअप परत चढवल्यावर ती चालवून त्यांना पुन्हा पुसता येईल. मागच्या चाचणीत बॅकअप परत चढवला, तेव्हा आम्ही पुसलेल्या एका बाईंची पगारचिठ्ठी पुन्हा तयार झाली, कारण ती यादी चालवायची राहून गेली होती. आता यादी चालवल्याची नोंद झाल्याशिवाय प्रणाली उघडतच नाही.