आधी जुना रंग ओळखा, मग नवा लावा: माझा अनुभव

ठाण्यात सेकंडहँड घेतलेलं मिग-२१चं १:७२ प्लॅस्टिक मॉडेल पुन्हा रंगवायचं होतं. वरून राखाडी, टवका उडालेल्या जागी आत हिरवा. दोन्ही रंग कुठले, सांगायला कुणी नाही. अशा मॉडेलवर थेट स्प्रे मारू नका. नव्या रंगातला जोरकस थिनर जुना थर फुगवतो आणि काही मिनिटांत सुरकुत्या पडतात.

आधी भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी. गरम पाणी नको, पंख वाकतात. काच फेविकॉलने चिकटवलेली होती; पाण्यात सैल झाली, तशी काढून बाजूला ठेवली.

चाचणी चाकांच्या खाचेत घेतली, तिथला डाग दिसत नाही. इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन अर्धा मिनिट चोळलं. बड राखाडी झाला, म्हणजे वरचा थर ॲक्रिलिक. हिरवा जागचा हलला नाही. त्यावर टर्पेंटाइन लावलं, तेव्हा दोन मिनिटांनी बडच्या टोकाला जेमतेम हिरवट छटा आली. बहुधा इनॅमल, तेही पक्कं वाळलेलं. एनसी थिनर (लॅकर रंगाचा जोरकस थिनर) किंवा ॲसिटोनने ही चाचणी करूच नका. त्यात पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लॅस्टिकच, विरघळतं, मग बडवर रंग आला की प्लॅस्टिक, तेच कळत नाही.

राखाडी थरासाठी मॉडेल ९९ टक्के अल्कोहोलमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात. दर अर्ध्या तासाने मऊ टूथब्रश. हे काम उघड्या गॅलरीत करायचं. गॅस, दिवा, अगरबत्ती जवळ नको, वाफ पेट घेते.

हिरव्यासाठी कॉस्टिक सोडा: एक लिटर थंड पाण्यात साधारण ३० ग्रॅम. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर नाही. ते एकदम तापून उडतं. रबरी हातमोजे आणि चष्मा हवेतच. सोडा इनॅमलमधल्या तेलाचा साबण करतो, म्हणून रंग सुटतो. प्लॅस्टिकला काही होत नाही. रात्रभर ठेवल्यावर हिरवा थर सालपटासारखा निघाला, पॅनेलच्या रेषांतला तेवढा टूथपिकने काढावा लागला. डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) गाडीला मात्र हा उपाय चालणार नाही, सोडा जस्ताचा मिश्रधातू खातो. डबाही ॲल्युमिनियमचा नको.

नंतर वाहत्या पाण्याखाली भरपूर धुऊन पोकळ भागातलं पाणी झटकून काढलं आणि पूर्ण एक दिवस वाळवलं. पावसाळ्यात ठाण्याची हवा इतकी दमट असते की लॅकर प्रायमर पांढुरका पडतो: थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. म्हणून उघडीप मिळेपर्यंत थांबलो.

प्रायमर २० सेंटिमीटरवरून, दोन पातळ हात, मध्ये १५ मिनिटं. राखाडी प्रायमर बसल्यावर डाव्या पंखावर जुन्या ब्रशचे दोन उंचवटे उठून दिसले. ते १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासले आणि तेवढ्याच जागी पुन्हा प्रायमर मारला.