शेजारी माळशेज असताना नाणेघाट कशाला?

कल्याण ते पैठण सायकलवर जाऊन आल्यापासून भेटेल तो हेच विचारतो: माळशेजचा डांबरी घाट शेजारी असताना सायकल खांद्यावर घेऊन नाणेघाट चढायची काय गरज होती? आणि मग, जरा हळू आवाजात: आम्हाला जमेल का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला, म्हणजे तेव्हाच्या प्रतिष्ठानला, जायचा. आम्हाला त्या वाटेने जायचं होतं. माळशेजने गेलो असतो तर हायवेच झाला असता. शिवाय नाणेघाट चाकांसाठी कधी नव्हताच, तिथं माल चढायचा तो जनावरांच्या पाठीवर. हे एकदा डोक्यात बसलं की तयारी सोपी होते. घाटात सायकल ही गोणी आणि बैल आपण.

बैलाला सोसेल एवढंच लादायचं. माझी सायकल १३ किलोची आणि सामान ११ किलो. भरलेली सायकल उचलून घराचे तीन मजले दोनदा चढलो आणि सामान मुकाट्याने ७ किलोवर आलं. तंबू गेला, स्टोव्ह गेला, दुसरी पँट गेली. कॅरियरला लटकणाऱ्या पिशव्या नकोतच, पायऱ्यांवर त्या कातळाला आणि गुडघ्याला आपटतात. फ्रेममध्ये एक, सीटखाली एक, हँडलवर एक, एवढं पुरतं. पण त्या झटकन सुटायला हव्यात, कारण टप्प्याटप्प्याने आधी पिशव्या वर ठेवायच्या आणि परत येऊन सायकल न्यायची. म्हणजे तीच चढण दोनदा. वैशाखऱ्याजवळ हायवे सोडला की नुसता चालणारा अडीच-तीन तासांत वर पोचतो. आम्हा दोघांना सात लागले.

वर पोचल्यावर मात्र गुहेत निवांत बसा. सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख भिंतींवर आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, दिले, सगळं आकड्यांसकट. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ती यादी बघून मला माझ्या एक्सेल शीटची लाज वाटली. बाहेर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं सांगतात. आम्ही त्याला सायकली टेकवल्या नाहीत, तुम्हीही टेकवू नका.

कधी जावं? पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, पाठीशी असतो, पण कातळ निसरडा आणि शनिवार-रविवारी जत्रा. आम्ही डिसेंबर घेतला. घाट कोरडा मिळाला, पण पुढे पठारावर पूर्वेचा वारा रोज तोंडावर. पहाटे निघून दुपारपर्यंत जमेल तेवढं अंतर काटायचं, यापलीकडे त्याला उपाय सापडला नाही.

घाटमाथ्यावरचं घाटघर ते जुन्नर हा सगळ्यात सुखाचा तुकडा. चावंडचा किल्ला, कुकडेश्वराचं देऊळ, बऱ्यापैकी उतार. पण घाटात कुठेतरी सायकल आपटून गियरचा हँगर, म्हणजे मागचा गियर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकला होता आणि जादा हँगर मी घरी ठेवला होता, वजन वाचवायला. चाळीस ग्रॅम! जुन्नरमधल्या एका सायकलवाल्या काकांनी तो पान्ह्याने सरळ केला आणि पैसे घेईनात.

जुन्नरच्या पुढे जुनी वाट अशी कुठे दिसत नाही. बेल्हे, टाकळी ढोकेश्वर, नगर, शेवगाव ही गावं धरून जमेल तिथं आतले रस्ते घेतले. मुक्काम देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर, पण विचारायला उजेडीच जा. अंधारात दारात उभा राहिलेला हेल्मेटवाला कुणालाच आवडत नाही. आणि ट्यूब मोजून नका नेऊ. नगरनंतर बाभळीच्या काट्यांनी आमची सहा पंक्चर केली. घाटाला भ्यायलो होतो, रडवलं या काट्यांनी.

सहावं काढत पैठणच्या अलीकडे रस्त्याकडेला बसलो होतो. कांद्याचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने खाली वाकून विचारलं, "कुठून आलात?"

"कल्याणहून."

"माळशेजनं?"