अग्नीचे बळ आणि काळी कौले

चिनी पंचतत्त्वांपैकी अग्नीविषयी आज बराच वेळ वाचत बसलो आणि आपल्या पंचमहाभूतांचा साचा आधी बाजूला ठेवावा लागला. तिकडे वायू आणि आकाश नाहीत, त्यांच्या जागी लाकूड आणि धातू आहेत. ‘शूचिंग’ या प्राचीन ग्रंथात पाणी भिजवत खाली उतरते आणि अग्नी भडकत वर चढतो, असे वर्णन आहे. म्हणजे तेथे अग्नी ओळखायचा तो त्याच्या गतीवरून. लाकूड त्याला जन्म देते, त्याच्या राखेतून माती होते, तो धातू वितळवतो आणि पाण्यापुढे हरतो. दक्षिण दिशा, उन्हाळा, तांबडा रंग, हृदय आणि मंगळ ग्रह त्याच्या वाट्याला आले आहेत. त्याची चव मात्र तिखट नसून कडू मानली जाते, हे आपल्या जिभेला खटकते. पण त्याचा वास करपल्याचा सांगितला आहे, आणि करपलेले कडूच लागते.

राजकारणही यातून सुटले नाही. आधीच्या चौ राजघराण्याचे बळ अग्नीचे मानले गेले होते, म्हणून इ. स. पू. २२१ मध्ये चीन एकत्र करणाऱ्या छिन सम्राटाने पाण्याचे बळ आणि काळा रंग स्वीकारला.

मला सर्वाधिक भावली ती ग्रंथालये. बीजिंगच्या राजवाड्यात जिकडेतिकडे पिवळी कौले असताना १७७६ मध्ये पूर्ण झालेल्या वन्युआन ग्रंथालयावर काळी कौले चढवली गेली, कारण काळा हा पाण्याचा रंग. त्याचा नमुना निंगबोच्या सोळाव्या शतकातील थ्येनयी ग्रंथालयाचा होता; तेथे वरचा मजला म्हणजे एकच दालन आणि खाली सहा खोल्या, कारण एक आणि सहा हे पाण्याचे अंक. अर्थात तेवढ्यावर न विसंबता मालकाने समोर तळेही खोदून घेतले होते, आणि माझा भरवसा अंकांपेक्षा त्या तळ्यावर अधिक आहे.

वन्युआनमध्ये ठेवलेल्या ‘सिखू छ्वानशू’ या प्रचंड ग्रंथसंग्रहाच्या एकूण सात हस्तलिखित प्रती करण्यात आल्या होत्या. वन्युआनमधील प्रत आज तैपेईत सुरक्षित आहे; युआनमिंगयुआन या राजोद्यानातील प्रत मात्र १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच सैन्याच्या स्वारीत जळून गेली.