थांबण्याची हौस

गाड्यांचं वेड आहे असं कळलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "मग, जास्तीत जास्त किती पळवलीस?" वेड म्हणजे वेगाचंच असणार, हे त्याने धरूनच चाललेलं असतं. खरं सांगायचं तर गाडी पळवण्यात आपलं कर्तृत्व फारसं नसतं. उजवा पाय दाबायचा, बाकीचं इंजिन बघून घेतं. गाडीची जात कळते ती थांबताना. नवी गाडी हातात आली की मी रिकामा रस्ता गाठतो, मागे कुणी नाही याची खात्री करतो आणि आधी कचकन ब्रेक दाबून बघतो. पेडल किती खाली जातं, गाडीचं नाक किती झुकतं, ती सरळ थांबते की एका अंगाला ओढते. शेजारी बसलेल्यांना हा छंद आवडत नाही, हे मान्य.

पण या छंदाला मोठी परंपरा आहे. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याला, म्हणजे मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझला, न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन निघाली. बरोबर दोन मुलगे आणि मानहाइम ते फोर्झहाइम असा शंभरेक किलोमीटरचा पल्ला. मोटारीतून इतक्या लांब तोवर कुणी गेलंच नव्हतं. वाटेत उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजायला लागले, तेव्हा बाईंनी चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंग जन्माला आलं ते असं. इंजिन बनवणारा घरीच होता; गाडी थांबवायची कशी, हा प्रश्न ती चालवणारीला पडला.

शर्यतवाल्यांनाही हे उमगलं, जरा उशिरा. १९५३ च्या, फ्रान्समधल्या ले मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारहून मोठ्या इंजिनांच्या गाड्या होत्या. जिंकली मात्र जॅग्वार, कारण तिच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या उघड्या तबकडीला चिमटीत धरणारे; बाकीच्यांचे ड्रम, म्हणजे बंद डब्याला आतून घासणारे. लांबलचक सरळ रस्ता संपून वळण आलं की ड्रम ब्रेकवाले आधीपासून वेग कमी करू लागत, आणि ड्रम तापले की ब्रेकचा जोर ओसरे. जॅग्वारचे चालक त्यांच्यापुढे जाऊन मग ब्रेक दाबत. म्हणजे ज्याला नीट थांबता येतं, तोच पुढे.

आता थोडं गणित, कारण ते भल्याभल्यांना पटत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. एकसारख्या दोन गाड्या शेजारी-शेजारी चालल्या आहेत, एक १०० च्या वेगाने, दुसरी १२० च्या. समोर काहीतरी आडवं आलं, दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबले. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथून दुसरी जाते ती ताशी सुमारे ६६ किलोमीटरने. वेगातला फरक होता फक्त वीसचा! आणि या वीसपायी वाचतं काय? तीस किलोमीटरच्या रस्त्यात तीन मिनिटं. तेवढा वेळ तर आपण पोचल्यावर पार्किंग शोधण्यात घालवतो.

हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं, त्या टायरकडे कुणी ढुंकून पाहत नाही. प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. इंजिनाची ताकद, ब्रेकचा जोर, वळणावरची पकड, सगळं त्या चार तळहातांतूनच जातं. टायरच्या अंगावर चार आकडी जन्मतारीख असते: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेताना लोक रंगावरचे ओरखडे भिंगातून तपासतात आणि दगडासारख्या कडक झालेल्या टायरवर बसून आनंदाने घरी जातात.

एबीएसचंही, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचंही, तसंच. गाडीत ते असतं, पण ते काम करायला लागलं की चालक घाबरतो. जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं, खरखर आवाज येतो; काहीतरी मोडलं असं वाटून माणूस नेमका तेव्हाच पाय उचलतो. तो उचलायचा नसतो. दाबून धरायचं आणि स्टिअरिंग फिरवून अडथळा चुकवायचा. चाकं जाम होऊ न देता गाडी वळती ठेवणं, यासाठीच ती यंत्रणा आहे. खडीवर किंवा सुट्या वाळूवर थांबायला उलट जास्तच अंतर लागू शकतं, हे विक्रेता सांगत नाही.

सीटबेल्टबद्दल वाद घालणं मी सोडून दिलंय. छातीवरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा निल्स बोलिनने १९५९ मध्ये व्होल्वोसाठी तयार केला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं करून दिलं. फुकट मिळाल्यामुळेच बहुतेक त्याची किंमत नाही. डॅशबोर्डवर पाय ठेवून पहुडणाऱ्यांना मात्र मी अजून टोकतो. त्या पायांखालची एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते, आणि गुडघे थेट तोंडावर येतात.

नव्या गाड्यांवर माझा एकच राग आहे, तो पडद्यांवर. एसीचा वारा कमी करायला पूर्वी एक गोल बटण होतं. नजर रस्त्यावर ठेवून नुसत्या बोटांनी सापडायचं. आता पडद्यावर तीन पायऱ्या उतराव्या लागतात. ताशी ७२ च्या वेगाने गाडी सेकंदाला २० मीटर जाते. तीन सेकंद पडद्यात डोकं घातलं की ६० मीटर गाडी कोण चालवत होतं, देव जाणे. यालाच आधुनिकता म्हणून वर पैसे घेतात.

आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर. तिने एखादा खांब ओलांडला की मनात दोन सेकंद मोजायचे, त्याआधी आपण त्या खांबापाशी पोचलो तर फार जवळ आहोत. पावसात मोजणी वाढवायची. शेजारचा म्हणतो, एवढी जागा सोडलीस तर कुणीतरी मध्ये घुसणारच. घुसतातच. मग मी पाय थोडा सैल करतो, पुढचा खांब पकडतो आणि पुन्हा एकपासून मोजू लागतो.