गुणक बरोबर, केंद्र चुकीचे

बारामती परिसरातील एका वळणरस्त्याच्या आखणीचे काम गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे होते. रस्ता ओढा ओलांडतो तेथे ३० मीटरच्या चार गाळ्यांचा पूल होता आणि त्याच्या खांबांचे मध्यबिंदू जमिनीवर दाखवून द्यायचे होते. त्या कामातील एक दिवस माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सुरुवात ८५ सेंटिमीटरच्या फरकाने झाली. आधीच्या चमूने डीजीपीएसने, म्हणजे अधिक अचूक जीपीएसने, जागा ठरवून बसवलेल्या जीपी-१ आणि जीपी-२ या दोन नियंत्रण खांबांचे (मोजणीच्या पक्क्या खुणांचे) यूटीएम या नकाशापद्धतीतले निर्देशक आमच्याकडे होते. पूर्वेचा फरक १५११.६ मीटर आणि उत्तरेचा ११३३.७ मीटर, म्हणजे दहावीत शिकतो त्या अंतराच्या सूत्राने १८८९.५०० मीटर. टोटल स्टेशनने, म्हणजे प्रकाशकिरणाने अंतर व कोन मोजणाऱ्या यंत्राने, सकाळच्या थंड हवेत मोजलेले क्षैतिज अंतर मात्र १८९०.३५२ मीटर आले. आमच्या वरिष्ठांनी यंत्र बिघडल्याचा निर्णय तत्काळ देऊन टाकला आणि ते दुरुस्तीला पाठवले. आमच्या व्यवसायातील ही जुनी खोड आहे: आकडे जुळले नाहीत की आधी यंत्राला दोष द्यायचा आणि कागदावरचे गणित शेवटी पाहायचे. हवेच्या तापमानात एक अंशाची चूक झाली तर अंतरात दहा लाखांत साधारण एक भागाचा फरक पडतो. आमचा फरक दहा लाखांत ४५१ भागांचा होता. हवेला दोष द्यायचा तर तापमान साडेचारशे अंशांनी चुकलेले असायला हवे होते. यंत्र चार दिवसांनी निर्दोष असल्याच्या प्रमाणपत्रासह परत आले आणि ते चार दिवस वाया गेले.

खरे कारण प्रक्षेपणात होते. वक्र पृथ्वी सपाट कागदावर आणताना यूटीएम पद्धतीत पट्ट्याच्या मध्यरेखांशावर अंतरे ०.९९९६ पट धरली जातात. आमचा पट्टा ४३ वा, त्याचे मध्यरेखांश ७५ अंश पूर्व. आम्ही त्याच्या पश्चिमेला सुमारे ४४ किलोमीटरवर होतो, तेथे हा गुणक ०.९९९६२४ होतो. शिवाय ती जमीन समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, आणि आपल्याकडे जीपीएसने मिळणारी, पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली उंची त्याहून साठ-सत्तर मीटरने कमी असल्याने हिशेबाला ४८० मीटर धरावे लागतात. उंचावरचे अंतर लंबगोलावर उतरवताना थोडे कमी होते, त्याचा गुणक ०.९९९९२५. दोन्हींचा गुणाकार ०.९९९५४९ आणि त्याचा व्यस्त १.०००४५१. मोजलेल्या अंतराला निर्देशकांवरून काढलेल्या अंतराने भागले, तरी हाच आकडा आला. दोन स्वतंत्र वाटांनी एकच गुणक हाती लागला तेव्हा मला जे समाधान वाटले, ते मी लपवणार नाही. तीस मीटरच्या गाळ्यात हा फरक साडेतेरा मिलिमीटरचा होतो आणि चार गाळ्यांत ५४ मिलिमीटरचा. तुळया कारखान्यात आधीच ओतल्या जात असताना तो सोडून देता येत नाही. इतकी साधी बाब आधीच्या चमूच्या अहवालात एका ओळीत लिहिलेली असायला हवी होती. ती नव्हती, आणि असे अहवाल तपासल्याची सही करून सर्रास स्वीकारले जातात.

त्या रात्री मी आमच्या कनिष्ठ अभियंत्याला फोनवर सांगितले, “सगळ्या आराखड्याला १.०००४५१ स्केल लाव आणि सकाळी रोव्हरवाल्या मुलांना बिंदू दे.” (रोव्हर म्हणजे दिलेल्या निर्देशकांच्या जागी नेणारे जीपीएसचे फिरते यंत्र.) मी एवढेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. “साहेब, तुमची पोरं माझ्या उसात शिरल्यात. रस्ता बाभळीच्या अंगानं जाणार म्हणून तुम्हीच सांगितलं होतं, अन् हे इथं कुठं आलं?” मी गाडी काढून तेथे पोहोचलो. तोडणीला आलेल्या आडसाली उसात कोयत्याने हातभर रुंद वाट पाडलेली होती, तिच्यात फक्कीची रेघ ओढलेली होती आणि अकरा खुंट्या ठोकून झाल्या होत्या. पहिली खुंटी मी हाताने हलवून पाहिली. ती पक्की होती, तिच्या डोक्यावर खिळा होता आणि बाजूला लाल रंगात साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर) नीट लिहिलेला होता. काम अत्यंत सफाईदार झाले होते, फक्त ते आमच्या रस्त्यापासून नऊशे मीटरांहून अधिक दूर झाले होते. ही मुले त्याच दिवशी नव्याने आलेली होती आणि रोव्हरचा पडदा बाण दाखवील तिकडे गेली. समोर ओढा दिसत नाही, मग पुलाचा खांब येथे कसा, हा प्रश्न एकालाही पडला नाही, याचे मला त्यांच्यापेक्षा त्यांना घडवणाऱ्यांबद्दल अधिक वाईट वाटते.

बांधावर बसून मी जीपी-१ चे दोन्ही आकडे शेजारी लिहिले. मूळ निर्देशक पूर्व ४५५६१२.३४०, उत्तर २००६९१४.८७०. नव्या यादीत पूर्व ४५५८१७.८२१, उत्तर २००७८१९.९८९. बिंदू २०५ मीटर पूर्वेला आणि ९०५ मीटर उत्तरेला सरकला होता. नव्या आकड्याला जुन्याने भागले, तर पूर्वेचे गुणोत्तर १.०००४५१ आणि उत्तरेचेही १.०००४५१ आले. येथेच निदान झाले. एखादी आकृती कोणत्याही केंद्रापासून मोठी केली, तर दोन बिंदूंमधील अंतरांचे गुणोत्तर नेहमी गुणकाइतकेच येते, म्हणून गुणक अंतरांवरूनच काढायचा असतो. पण खुद्द निर्देशकांना निर्देशकांनी भागून दोन्ही अक्षांवर तोच गुणक मिळतो, तो केवळ केंद्र आरंभबिंदूवर, म्हणजे शून्य, शून्य या जागी, असतानाच. आमच्या यूटीएम पट्ट्याचा आरंभबिंदू विषुववृत्तावर, मध्यरेखांशाच्या पश्चिमेला ५०० किलोमीटरवर, म्हणजे मालदीवच्या पश्चिमेला भर समुद्रात आहे. आमच्या त्या कनिष्ठ अभियंता मुलाने कंपासाचे टोक समुद्रात रोवून बारामतीचा रस्ता ताणला होता. जीपी-१ केंद्र धरले असते, तर तो खांब तसूभरही हलला नसता आणि जीपी-२ फक्त ८५ सेंटिमीटर सरकला असता.

ऑटोकॅडमध्ये स्केलची आज्ञा दिली की ती आधी आधारबिंदू विचारते आणि बहुतेकांची बोटे सवयीने शून्य, शून्य टाकतात. दुपारी वरिष्ठ त्याच्यावर सर्वांसमोर ओरडले. मी त्यांना थांबवले, कारण तोवर मी माझा फोन पाहिला होता. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याचा संदेश आला होता: “सर, बेस पॉइंट ०,० ना?” त्याखाली मी उमटवलेला अंगठा होता. मी तो संदेश नीट वाचल्याचे मला आठवत नाही. त्याने विचारायला हवे ते नेमके विचारले होते, आणि हे मी तेथेच सर्वांना सांगितले.

संध्याकाळी आम्ही जीपी-१ केंद्र धरून सगळे बिंदू नव्याने काढले. पुन्हा कोणी ते यूटीएम समजू नये म्हणून पूर्वेतून ४,५०,००० आणि उत्तरेतून २०,००,००० वजा केले, आणि आराखड्याच्या कोपऱ्यात केंद्र, गुणक, वजा केलेले आकडे व गृहीत धरलेली उंची ठळक अक्षरांत लिहिली. ती चौकट त्या मुलाने स्वतः बनवली. आता आमच्या प्रत्येक आराखड्यावर ती असते.

तिसऱ्या दिवशी दोन टोकांच्या खांबांमधील अंतर टोटल स्टेशनने तपासले. हिशेबाने १२०.००० मीटर हवे होते, ते १२०.००२ आले. परतताना मी उसाकडे गेलो. शेताचे मालक असलेल्या आबांना तोडलेल्या उसाचे पैसे दिले, ते त्यांनी मोजून घेतले आणि मग विचारले, “खुंट्या काढून नेणार का? नाहीतर तोडणीवाल्यांचा पाय अडकंल.” अकराही खुंट्या मी आणि त्या मुलाने मिळून उपटल्या.